विश्लेषण : वाघबारस, काळभात, राघोजी भांगरे... अकोल्यातील वर्गात आदिवासींचे जग कसे पोहोचणार?

पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावरून राज्यात वातावरण तापले. पण ज्या मुलांच्या घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांतच अंतर आहे, त्यांचे काय? नवा अभ्यासक्रम येत असताना अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात हा प्रश्न ठळकपणे समोर येतो.

एप्रिल ते जून २०२५ या तीन महिन्यांत महाराष्ट्रात शाळेतल्या भाषेवर जेवढी चर्चा झाली, तेवढी गेल्या कित्येक वर्षांत झाली नसेल. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. लहान मुलांवर भाषेचे ओझे टाकू नका, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता.

या चर्चेत एक बाजू जवळपास आलीच नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या ठाकरवाडीतले मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकातली मराठीही त्याला नव्याने शिकावी लागते. घरची बोली वेगळी, धड्यातली माणसे वेगळी आणि अनेकदा शिक्षकही सपाटीवरच्या तालुक्यातून आलेले.

नेमका प्रश्न काय?

आदिवासी मुलांच्या शिक्षणाची चर्चा आपल्याकडे इमारत, वसतिगृह, पोषण आहार आणि गळती याभोवती फिरते. हे प्रश्न खरे आहेत. पण वर्गात जे शिकवले जाते त्यात या मुलांचे जग कुठे आहे, हा प्रश्न मागे पडतो.

बहुतेक शाळांत त्याचे उत्तर ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी मिळते. प्रतिमापूजन, पारंपरिक पोशाख, एक नाच आणि भाषण. २०२१ पासून १५ नोव्हेंबरला, बिरसा मुंडा यांच्या जयंतीला जनजातीय गौरव दिवसही साजरा होतो. हे कार्यक्रम हवेतच. पण दुसऱ्या दिवशी गणिताच्या, विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या तासाला काय बदलते? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आदिवासी ज्ञान अभ्यासक्रमात आणण्याचा आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. धोरण कागदावर आहे. ते वर्गात न्यायचे काम मात्र शेवटी शिक्षकाच्याच अंगावर पडते.

अकोलेच का?

२०११ च्या जनगणनेनुसार अकोले तालुक्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा जवळपास निम्मा आहे. महादेव कोळी आणि ठाकर या इथल्या प्रमुख जमाती. तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे डांगाण, अनुसूचित क्षेत्रात येतो. राजूरला आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय आहे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि भंडारदरा ही पर्यटकांची ठिकाणे याच पट्ट्यातली.

प्रश्न अकोल्यापुरता नाही. जिल्ह्याच्या सपाटीवर भिल्ल आणि पारधी वस्त्यांवरची मुलेही जिल्हा परिषदेच्या शाळांत बसतात. तिथे ती वर्गात अल्पसंख्य असतात, त्यामुळे त्यांचे जग धड्यात येण्याची शक्यता आणखी कमी. अकोल्यात निदान संख्या आहे, माणसे आहेत आणि शिकवण्याजोगे साहित्य आजूबाजूला भरपूर आहे.

'आदिवासी दृष्टिकोन' म्हणजे वर्गात नेमके काय?

वेगळा विषय किंवा वेगळा तास असा याचा अर्थ नाही. जे आहे तेच शिकवताना इथली उदाहरणे आणि इथली बाजू घेणे, एवढाच तो आहे. अकोल्यापुरती चार उदाहरणे पाहू.

- विज्ञान : कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्या स्वतः शाळेत गेलेल्या नाहीत. काळभातासारखे स्थानिक वाण, नाचणी, वरई, बियाणे टिकवण्याच्या पद्धती हा सगळा बीज, अंकुरण आणि जैवविविधता या धड्यांचा जिवंत भाग आहे. डांगी गुरांचेही तसेच. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे मुसळधार पावसात ती टिकतात. 'अनुकूलन' शिकवायला ध्रुवीय अस्वलापर्यंत जाण्याची गरज नाही.

- परिसर अभ्यास : राज्यभर वसुबारस असते, त्या दिवशी डांगाणात वाघबारस साजरी होते आणि वाघोबाची पूजा होते. याच तालुक्यातील शेतशिवारात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट मानवी वस्तीच्या या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज त्यात होता. वाघबारस आणि हा अभ्यास एकाच तासाला शेजारी ठेवले तर सहजीवनाचा धडा तयार होतो. संध्याकाळी घरी जाताना काय काळजी घ्यायची, हेही त्यातच येते.

- इतिहास : देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकारी आणि इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड केले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इंग्रजांच्या लेखी ते दरोडेखोर, लोकांच्या लेखी क्रांतिकारक. एकाच माणसाच्या या दोन नोंदी का, हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांना विचारला तर ऐतिहासिक साधने कशी वाचायची हे ती शिकतील.

- गणित : २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेर म्हणजे १ अधोली, २ अधोल्या म्हणजे १ पायली. ही मापे साऱ्या ग्रामीण महाराष्ट्राची आहेत, फक्त आदिवासींची नाहीत. पण घरात आजीला ती पाठ असतात. प्रत्येक माप पुढच्याच्या निम्मे, म्हणजे पायलीत १६ चिपटी. अर्धा, पाव, एक अष्टमांश हे अपूर्णांक आणि पुढे २ चे घातांक शिकवायला यापेक्षा सोपे साधन नाही.

मग शिक्षक हे का करत नाहीत?

काही शिक्षक करतात, पण स्वतःच्या हौसेवर आणि वेळेवर. बाकीच्यांना आस्था नाही असे म्हणणे सोपे आहे. अडचण मात्र रचनेत आहे.

पहिली अडचण बदल्यांची. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदली धोरणात 'सर्वसाधारण' आणि 'अवघड' असे क्षेत्रांचे दोन भाग २०१७ पासून आहेत. अवघड क्षेत्रात तीन वर्षे झाली की बदलीचा अधिकार मिळतो. दुर्गम भागात नोकरी करणाऱ्यासाठी ही सवलत न्याय्यच आहे. पण मुलांची बोली कानाला सरावेपर्यंत दोन वर्षे जातात आणि तिसऱ्या वर्षी बदलीचा अर्ज भरायची वेळ येते. जाणारा शिक्षक शिकलेले सोबत घेऊन जातो, कारण ते लिहून ठेवण्याची सोय नसते.

दुसरी अडचण, हे काम एका कुणाचे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा शालेय शिक्षण विभागाच्या धोरणावर चालतात, तर आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत. पाठ्यपुस्तके बालभारतीची, प्रशिक्षण राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि संगमनेरच्या 'डायट'कडे, तर आदिवासी समाज-संस्कृतीचा अभ्यास पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे. सगळे कुठे ना कुठे आहे, पण वर्गातल्या शिक्षकाच्या टेबलावर एकत्र येत नाही.

तिसरी अडचण भीतीची. चुकीचे बोललो तर? एखाद्या देवाबद्दल, प्रथेबद्दल भलतेच सांगितले आणि गाव दुखावले तर? त्यापेक्षा पुस्तकात आहे तेवढेच शिकवलेले बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे आणि चाचण्या यांतून वेळ उरतो किती?

स्थानिक शिक्षकच नेमले तर?

हा उपाय पहिल्यांदा सुचतो आणि तो महत्त्वाचाही आहे. पण त्याला कायदेशीर मर्यादा आहे. अविभाजित आंध्र प्रदेशाने २००० मध्ये अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदे १०० टक्के अनुसूचित जमातींसाठी राखीव केली होती. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे आरक्षण घटनाबाह्य ठरवले. म्हणजे आदिवासी भागात बाहेरून आलेले शिक्षक असणारच आहेत. शिवाय शिक्षक महादेव कोळी असला म्हणून त्याला ठाकर मुलांची बोली येईलच असेही नाही. त्यामुळे शिक्षक कोण आहे यापेक्षा त्याला कोणती मदत मिळते, हा प्रश्न मोठा ठरतो.

इतरांनी काय केले?

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. हीच कुरणशाळा. मूल बदलण्याऐवजी शाळा बदलायची, हे सूत्र महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले आहे.

ओडिशाने २००६-०७ च्या सुमारास १० आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले आणि पुढे ही संख्या २१ वर नेली. त्यासाठी त्या समाजातून भाषा शिक्षक नेमले. ऑस्ट्रेलियाने तर २०११ मध्ये शिक्षकांच्या राष्ट्रीय व्यावसायिक निकषांतच तेथील आदिम समाजाबद्दलच्या दोन अटी घातल्या. एक, त्या समाजातील मुलांना कसे शिकवायचे हे शिक्षकाला कळले पाहिजे. दोन, त्या समाजाचा इतिहास, संस्कृती आणि भाषा यांची समज त्याला हवी. तरीही चूक होईल या भीतीने शिक्षक विषय टाळतात, ही तक्रार तिथेही आहे. नुसता नियम करून भागत नाही, नियमासोबत आधार लागतो, हाच यातला धडा.

पालकांना हे हवे आहे का?

सगळ्यांना नको असू शकते आणि त्यांचे म्हणणे ऐकायला हवे. पिढ्यान् पिढ्या रानात राबलेल्या पालकाला मुलाने स्पर्धा परीक्षा द्यावी, इंग्रजी बोलावे, नोकरी करावी असे वाटते. शाळेतही नाचणी आणि गुरेच शिकवणार असाल तर शाळा कशाला, हा त्यांचा सवाल चुकीचा नाही.

उत्तर एवढेच की घरचे ज्ञान हा मुक्काम नाही, पायरी आहे. पायलीतून अपूर्णांक आले की मूल तिथे थांबत नाही, पुढे बीजगणितात जाते. दुसरी काळजी गौरवीकरणाची. परंपरेतले सगळेच चांगले असे शिकवणे हाही अन्यायच. तिसरी काळजी मालकीची. औषधी वनस्पतींची माहिती गावाची असते. ती वहीत किंवा मोबाइलमध्ये घेण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी हवी.

शिक्षकांना नेमके काय द्यावे लागेल?

- साहित्य : डांगाणातील बोलीचा छोटा शब्दसंग्रह आणि धडानिहाय स्थानिक उदाहरणांची पुस्तिका. बदली झालेल्या शिक्षकाने ती पुढच्याच्या हाती द्यायची.
- माणसे : बियाणे, गुरे, गाणी, जंगल जाणणाऱ्या ज्येष्ठांना वर्गात बोलवायचे, तेही मानधन देऊन. पाहुण्याचा सत्कार नारळ-शालीवर संपू नये.
- वेळ : केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत यासाठी ठरलेला तास. तिथे शिक्षकांनी वर्गात करून पाहिलेले पाठ एकमेकांना दाखवायचे.
- मूल्यमापन : मुलाने बोलीत दिलेले बरोबर उत्तर बरोबरच धरायचे. प्रमाण मराठी त्यानंतर शिकवता येते. 'अशुद्ध' हा शेरा पहिल्याच वर्षी मिळाला की मूल गप्प बसते आणि मग ते काय जाणते, हे शिक्षकाला कधीच कळत नाही.

पुढे काय?

नव्या आराखड्यानुसार पाठ्यपुस्तके २०२५-२६ मध्ये पहिलीपासून बदलायला सुरुवात झाली आणि पुढच्या इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने यायची आहेत. जुन्या अभ्यासक्रमात तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हानिहाय होते. अहमदनगर जिल्ह्याचे वेगळे, नाशिकचे वेगळे. म्हणजे स्थानिक पुस्तक छापणे राज्याला अशक्य नाही, ते आधीही झाले आहे.

नव्या रचनेत ही सोय राहते का, तिचे लेखन करताना अकोल्यातील शिक्षक आणि ज्येष्ठ टेबलावर असतात का, आणि पुस्तकासोबत प्रशिक्षण मिळते का, या तीन गोष्टींवर लक्ष ठेवायला हवे. नाहीतर कोंभाळण्याच्या बियाणे बँकेची कीर्ती दिल्लीपर्यंत पोहोचलेली असेल आणि त्याच खोऱ्यातले मूल बियाण्याचा धडा पाठ करताना आपल्या आजीला काही विचारायचे असते, हेच विसरून गेलेले असेल.