बारा नोटा आणि एक सही

मागच्या आठवड्यात घाटंजीकडच्या एका गावात बातमीसाठी गेलो होतो. काम आटोपलं, निघालो, तर एका आजीने घरात बोलावून एक मळकी थैली पुढे केली. जुनी भिंत पाडताना कोनाड्यात सापडलेली. आत पाचशेच्या बारा नोटा, नोटबंदीआधीच्या. बुढा कधीच गेला, जाताना कोणाला सांगून गेला नाही.

"बाबू, याच्यावर सही हाये ना? मंग सही खोटी कशी होते?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यातून पुढची गोष्ट तर मी तिला सांगितलीच नाही. २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा जाणूनबुजून जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. दंड दहा हजारांपर्यंत किंवा रकमेच्या पाचपटीपर्यंत, जे जास्त असेल ते. म्हणजे सहा हजार बुडाले ते बुडाले, वरून तीस हजारांची टांगती तलवार!

मोठ्या नोटा बंद करणं नवीन नाही. १९४६ मध्ये इंग्रज सरकारने ५००, १००० आणि १०,००० च्या नोटा रद्द केल्या. १९७८ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंच्या सरकारने १०००, ५००० आणि १०,००० च्या. पण तेव्हा आपल्या गावाकडच्या माणसाने हजाराची नोट पाहिली तरी होती का? झळ बसली ती मोठ्या पेढ्यांना. २०१६ मध्ये मात्र चलनातल्या एकूण रकमेचा ८६ टक्के भाग एका रात्रीत बाद झाला. आणि वेळ कोणती? नोव्हेंबर. आपल्याकडे कापूस वेचणीचा ऐन हंगाम. वेचणाऱ्या बायांची मजुरी रोख, व्यापाऱ्याचा चुकारा रोख. त्यात १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई. शेतकऱ्याचं खातं नेमकं तिथेच!

आता अमेरिका बघा. तिथे ५००, १०००, ५००० आणि १०,००० डॉलरच्या नोटा होत्या. १९४५ नंतर त्या छापल्या नाहीत आणि जुलै १९६९ मध्ये, वापर फारसा उरला नाही म्हणून, वाटपच थांबवलं. बँकेत आलेली नोट परत बाहेर जात नाही. पण नोट रद्द केली नाही. आजही एखाद्या अमेरिकन म्हातारीला पेटीत हजार डॉलरची नोट सापडली, तर बँक हजार डॉलर देते. नोटा जमवणारे तर त्याहून जास्त देतात.

एवढं लांब जायचीही गरज नाही. २०२३ च्या मे महिन्यात आपल्याच रिझर्व्ह बँकेने दोन हजारची नोट चलनातून काढली, पण रद्द केली नाही. मुदत संपल्यावरही बँकेच्या १९ कार्यालयांत ती बदलता येते, त्यात आपलं नागपूरही आहे. म्हणजे माणसाला न बुडवता नोट मागे घेता येते, हे सरकारला माहीत आहे. मग पाचशेवाल्या आजीनेच काय घोडं मारलं?

काळा पैसा पांढरा होईल, असं कोणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेचाच हिशोब बघा. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले. ज्यांच्याकडे पोती होती त्यांनी वाट शोधली. न आलेल्या सुमारे १० हजार ७०० कोटींत काळा पैसा असेलही, पण कोनाड्यातल्या, गोधडीतल्या, मेलेल्या माणसांनी ठेवलेल्या नोटाही आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चार विरुद्ध एक मताने नोटबंदी वैध ठरवली. ते मान्य. पण वैध असणं आणि न्याय्य असणं यात फरक आहे. माझी मागणी साधी आहे. आधार कार्ड घ्या, माणशी दहा हजारांची मर्यादा घाला, आयुष्यात एकदाच संधी द्या, पण जुन्या नोटांसाठी एक खिडकी उघडा. कायदा संसदेने केला, दुरुस्तीही संसदच करू शकते. आपल्या खासदारांनी हा प्रश्न तिथे विचारावा.

तोवर एक काम करा. घरात दोन हजारची नोट निघाली तर फेकू नका. नागपूरला जाणं जमत नसेल तर पोस्टाने रिझर्व्ह बँकेकडे पाठवता येते, पैसे खात्यात जमा होतात. आणि तुमच्याकडे जुन्या पाचशे-हजारच्या नोटा असतील, तर कमेंटमध्ये आकडा लिहू नका. फक्त "आहेत" एवढंच लिहा. किती घरांत अशी थैली आहे ते तरी कळू द्या.