दात्यांची गणती आणि भारी रानाची पेरणी

परतीच्या पावसाने ज्यांचे सोयाबीनचे रान वाफशावर येऊ दिले नाही आणि ज्यांना हरभरा ओल्यातच पेरून उरकावा लागला, अशा मराठवाडा-विदर्भातील वाचकांची जी पत्रे या महिन्यात आमच्या दप्तरी आली, त्यांत बियाण्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती अनुदानावर घेतलेल्या पेरणीयंत्राच्या फाळाविषयी. एका वाचकाने न उगवलेल्या ओळीत चाकूने माती कापून पाहिली, तेव्हा तबकडीच्या फाळाने पाडलेल्या चिरेच्या दोन्ही भिंती लिंपल्यासारख्या चकचकीत निघाल्या, आणि सोयाबीनचे काड न तुटता दुमडून दाण्यापाशी दाबले गेलेले आढळले. रान सुकू लागताच तीच चीर उकलली आणि दाणे उघडे पडले.

भारी चिकणमातीचा हा स्वभाव सर्वत्र सारखाच आहे. इंग्लंडातील एसेक्स-सफोकच्या थंड, ओल्या चिकणमातीतही तबकडीचे हेच दुखणे आहे. अरुंद दात्याचा फाळ निदान चिरेची माती मोकळी करून दाण्यावर पाडतो. न्यूझीलंडातील उलट्या टी-आकाराच्या अशाच अरुंद फाळाच्या धर्तीवर पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने सिद्ध केलेले यंत्र तर आपल्याच देशात कैक वर्षे चालते आहे.

असे असता अनुदानाचा दर ठरतो तो दात्यांच्या संख्येवर आणि ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीवर. जमीन कोणती आणि फाळ कोणता, याची विचारपूस नाही. एका शेतकऱ्याने तबकड्या उतरवून गावच्या लोहाराकडून अरुंद दाते बसवून घेतले आणि पेरणी साधली; मोका तपासणीस आलेल्या अंमलदाराने मात्र ‘यंत्र चाचणी अहवालाशी जुळत नाही’ असा शेरा मारून त्याचे प्रकरण तहकूब ठेवले. ज्या यंत्राने पीक उगवले ते तहकूब, आणि ज्याने बियाणे उगवू दिले नाही ते मंजूर, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

उत्पादकांनाही चार शब्द ऐकावे लागतील. प्रात्यक्षिके उन्हाळ्यात, कुळवलेल्या कोरड्या रानात भरवायची आणि विक्री काळ्या रानाच्या मालकाला करायची, हे थांबले पाहिजे. एकाच सांगाड्यावर दोन्ही फाळ बसतील, काड अडकू नये इतके अंतर दात्यांच्या पुढच्या-मागच्या रांगांत राहील, आणि चिखल धरू लागलेली दाबचाके उचलून ठेवता येतील, एवढे करण्यास कोणतेही परिपत्रक आड येत नाही.

वाचकहो, पेरणीच्या खोलीवरची माती तळहातावर वळून पाहा; तिची वळी होत असेल तर यंत्र बांधावरच उभे ठेवा. अनुदानाच्या अर्जात फाळाचा आणि जमिनीचा रकाना घालावा, अशी लेखी मागणी तालुका कृषी कार्यालयात द्या, पोच घ्या आणि तिची एक प्रत आमच्याकडे पाठवा. त्या साऱ्या प्रती आम्ही स्वतः कृषी आयुक्तालयात दाखल करू.