जुने व्हर्जन ठेवा, पण तारीख टाकून

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. तरतूद २,५१६ कोटी रुपयांची. सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, हा त्यामागचा बेत. पण देवळाली प्रवऱ्यासारख्या ऊस आणि सहकारावर उभ्या असलेल्या गावात नवे सॉफ्टवेअर कोऱ्या पाटीवर येत नाही. सोसायटी असो की पतसंस्था, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फॉक्सप्रोत किंवा एसक्यूएल सर्व्हर २००० वर लिहून घेतलेला प्रोग्रॅम आधीच कुठेतरी चालू असतो. मग जाणकार सांगतात, ‘जुने एका रात्रीत उडवा. डेटाबेसची दोन व्हर्जन शेजारी-शेजारी चालवणे हा गबाळेपणा आहे.’ हा सल्ला दिसतो शहाणपणाचा, पण तपासला तर टिकत नाही.

आधी त्यांची बाजू नीट मांडू. पहिला आक्षेप सुरक्षेचा. एसक्यूएल सर्व्हर २००० चा सपोर्ट ९ एप्रिल २०१३ ला संपला, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा १३ जानेवारी २०१५ ला, एसक्यूएल सर्व्हर २००८ चा ९ जुलै २०१९ ला. त्यानंतर सापडलेली भगदाडे कंपनी बुजवत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: दोन व्हर्जन म्हणजे दोन बॅकअप आणि दोन्ही जाणणारा माणूस. तिसरा सर्वांत वजनदार: एकाच सभासदाची बाकी दोन ठिकाणी वेगळी निघाली, तर खरी कोणती?

सपोर्टच्या तारखा खऱ्याच आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तो ज्या भगदाडातून पसरत होता, त्याचा पॅच मार्चमध्येच निघाला होता. शिवाय तो व्हायरस चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर पॅच लावलेल्या मशीनवरही पसरत होता. म्हणजे व्हर्जन नवे असले तरी नेटवर्क मोकाट असेल तर ते वाचवत नाही. उलट जुना सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवला, त्याचे इंटरनेट तोडले आणि फक्त एका ठरलेल्या मशीनलाच त्याच्याशी बोलू दिले, तर धोका पुष्कळ आवाक्यात येतो.

खर्चाचे म्हणाल, तर एका रात्रीत बदलण्याचाही खर्च असतो. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सारे ग्राहक नव्या यंत्रणेवर नेले. डेटा सुखरूप पोहोचला, यंत्रणा मात्र कोसळली. सुमारे १९ लाख लोकांना आपलेच खाते उघडता येईना. पुढे २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. इतकी मोठी बँक एका उडीत पडली; आपल्या सोसायटीत तर सेक्रेटरी, एक क्लार्क आणि महिन्यातून एकदा येणारा सॉफ्टवेअरवाला एवढीच फौज.

गंमत म्हणजे ‘दोन व्हर्जन नकोत’ म्हणणाऱ्यालाही दोन व्हर्जन चालवावीच लागतात. एसक्यूएल सर्व्हर २००० चा बॅकअप २०१२ किंवा त्यापुढच्या व्हर्जनवर थेट रिस्टोअर होत नाही. तो आधी २००८ वर उचलायचा, तिथून पुन्हा बॅकअप घ्यायचा आणि मग पुढे न्यायचा. उलट प्रवास तर नाहीच. नव्याचा बॅकअप जुने व्हर्जन स्वीकारत नाही.

त्यात मराठीचा घोळ वेगळा. ‘विठ्ठल’ हे नाव जुन्या फाँटात टाइप केलेले असेल, तर डेटाबेसच्या लेखी ती इंग्रजी चिन्हांची रांग असते. फाँट काढला की पडद्यावर नुसता कचरा. त्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ‘व’च्या नंतर. बदलताना वेलांटी चुकली किंवा ‘ठ्ठ’ फुटला, तर सभासद यादीत असूनही शोधात सापडत नाही. हे जुळवायला महिने लागतात, आणि तेवढे महिने मूळ नोंद जुन्या प्रोग्रॅममध्ये वाचता आली पाहिजे. थकबाकीदारावर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मागायचा तर खात्याचा उतारा लागतो. त्यातले व्याज तेव्हाच्या प्रोग्रॅमने कसे आकारले, पैसे कुठे पूर्णांकात केले, हे नव्या सॉफ्टवेअरला कोण विचारणार?

उरला तिसरा आक्षेप. तो मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय शिस्त हा आहे. एका खात्याची नोंद एकाच ठिकाणी व्हावी. ३१ मार्चला जुन्यात लिहिणे बंद, १ एप्रिलपासून सारे व्यवहार नव्यात. जुने फक्त वाचण्यापुरते. माहिती जुन्याकडून नव्याकडे जाईल, उलट कधीच नाही. आणि जुन्या प्रोग्रॅमला केवळ जुनी वागणूक हवी असेल, तर जुने इंजिनही लागत नाही: एसक्यूएल सर्व्हर २०२२ हा २००८ च्या सुसंगतता पातळीवर चालवता येतो. आधी ते करून पाहावे.

मात्र ‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ म्हणणाऱ्यांनी या लेखावरून खूश होऊ नये. त्यांची दोन व्हर्जन ठरवून ठेवलेली नसतात, साचलेली असतात. प्रोग्रॅम लिहिणारा कधीच गाव सोडून गेला, पासवर्ड एकाच क्लार्कच्या डोक्यात, बॅकअप त्याच हार्ड डिस्कवर. ती डिस्क बसली की पंचवीस वर्षांचा हिशेब बसला.

प्रवरेच्या कालव्यावरचा शेतकरी अर्ध्या रानात नवी लागण करतो आणि अर्ध्यात खोडवा राखतो. त्याला कोणी गबाळा म्हणत नाही. पण उतारा पडू लागला की तो खोडवा मोडतो. लोभाने ठेवत नाही. जुन्या व्हर्जनलाही असाच हिशेब लावावा.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या विषयाआधी सभासदांनी तीन प्रश्न विचारावेत. जुन्या प्रोग्रॅममध्ये आजही कोणी नोंद करतो का? त्याचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून शेवटचा कधी पाहिला? आणि तो बंद करण्याची तारीख कोणत्या ठरावात आहे? उत्तरे मिळाली तर दोन व्हर्जन खुशाल चालू द्या. मिळाली नाहीत, तर नवे सॉफ्टवेअर आणूनही संस्थेचा हिशेब रामभरोसेच आहे.