लाकडी बाहुल्याचा माणूस कसा झाला?

परीकथेत सारे काही जादूने घडते, अशी पुष्कळांची समजूत असते. परीने कांडी फिरवली, की भोपळ्याचा रथ होतो आणि उंदरांचे घोडे होतात. परंतु भोपळ्याचा रथ करणे सोपे. आळशी मुलाला कष्टाळू करणे कठीण. रूप पालटण्यास जादू पुरते, स्वभाव पालटण्यास ती पुरत नाही. त्यासाठी पात्रावर प्रसंग यावे लागतात आणि प्रत्येक प्रसंगी कोणता मार्ग धरावयाचा, हे त्या पात्राला स्वतःच ठरवावे लागते. एकातून दुसरा निघणाऱ्या अशा प्रसंगांच्या साखळीलाच कथानक म्हणतात. स्वभाव आणि कथानक यांचे हे नाते पिनोकियो या लाकडी बाहुल्याच्या इटालियन कथेत फार स्पष्टपणे दिसते.

ही कथा कार्लो कोल्लोदी यांनी लिहिली. त्यांचा जन्म १८२६ साली फ्लॉरेन्स शहरात झाला. त्यांचे खरे आडनाव लोरेन्झिनी. कोल्लोदी हे त्यांच्या आईच्या गावाचे नाव. १८८१ साली ही कथा मुलांच्या एका नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. पंधराव्या प्रकरणात लुटारू पिनोकियोला झाडाला टांगतात, आणि तेथेच लेखकाने कथा संपवली होती. हा शेवट बालवाचकांना मुळीच रुचला नाही. कथा पुढे चालू ठेवावी, अशी मागणी झाली आणि १८८२ साली ती पुन्हा सुरू झाली. १८८३ साली छत्तीस प्रकरणांचे पुस्तक निघाले. त्या बालवाचकांचे म्हणणे योग्यच होते. पंधराव्या प्रकरणापर्यंत पिनोकियोला शिक्षा मिळाली होती. सुधारण्याची संधी मात्र मिळाली नव्हती.

पिनोकियो खोटे बोलला की त्याचे नाक वाढते, एवढीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहते. पण नाक वाढल्याने त्याचे खोटे उघडे पडते, खोटे बोलण्याची खोड जात नाही. परीसमोर नाक वाढले तेव्हा तो लाजला, रडला. तरी पुढे एका म्हाताऱ्यापाशी तो पुन्हा खोटे बोललाच. त्याच्या वचनांचीही तीच गत. त्याचा बाप जेपेत्तो अत्यंत गरीब. मुलाने शिकावे म्हणून त्याने ऐन थंडीत अंगावरचा कोट विकला आणि अंकलिपी आणली. मुलाने शाळेत जाण्याचे कबूल केले. परंतु वाटेत बाहुल्यांच्या खेळाचा ढोल ऐकू येताच ती अंकलिपी विकून तो तमाशा पाहावयास गेला. भीतीने आणि वचनांनी माणूस बदलत असता, तर ही कथा चार पानांतच संपली असती.

मग पिनोकियो मुळातच दुष्ट होता काय? नाही. खेळाचा मालक एका बाहुल्याला चुलीत जाळावयास निघतो, तेव्हा हाच उनाड पिनोकियो पुढे होऊन, त्याच्याऐवजी मला जाळा, असे म्हणतो. चांगुलपणाचे बीज त्याच्या ठायी आरंभापासूनच होते. हे बीज आधी दाखवले नसते, तर अखेरीस झालेला पालट वाचकाला खोटा वाटला असता. कथानक बाहेरून नवा स्वभाव आणून चिकटवीत नाही. पात्राच्या ठायी जे असते, तेच ते प्रसंगांच्या योगाने वाढवते.

हे बीज वाढले कसे? पिनोकियो आपल्या एका मित्राबरोबर खेळण्यांच्या देशात जातो. तेथे शाळा नाही, पुस्तक नाही. दिवसभर केवळ खेळ. पाच महिने असे गेल्यावर त्या दोघांची गाढवे होतात. पुढे अनेक संकटे सोसून पिनोकियो पुन्हा बाहुला होतो आणि राक्षसी माशाच्या पोटात अडकलेल्या बापाला सोडवून आणतो. म्हातारा थकलेला असतो. त्याला दूध हवे असते. एक माळी सांगतो, "रहाट ओढून शंभर बादल्या पाणी काढ, म्हणजे पेलाभर दूध देईन." आजवर ते काम एक गाढव करीत असे आणि आता ते मरणाच्या दारी पडलेले असते. ते गाढव म्हणजेच पिनोकियोचा तो मित्र! त्या दिवसापासून पाच महिन्यांहून अधिक काळ पिनोकियो रोज पहाटेपूर्वी उठून रहाट ओढतो. पाच महिन्यांच्या खेळाने त्याचे गाढव झाले. तेवढ्याच काळाच्या कष्टांनी तो माणूस होऊ लागला. रहाट तोच, श्रमही तेच. पण गाढव ते सक्तीने करीत होते आणि पिनोकियो बापाच्या मायेने करीत होता.

अखेरचा प्रसंग तर याहून बोलका आहे. टोपल्या विणून पिनोकियोने नव्या कपड्यांसाठी तांब्याची चाळीस नाणी साठवलेली असतात. इतक्यात परी आजारी असून तिच्यापाशी भाकरीपुरतेही पैसे नाहीत, असे त्याला कळते. तो ती सारी नाणी देऊन टाकतो आणि त्या रात्री आठांऐवजी सोळा टोपल्या विणतो. बापाने मुलासाठी कोट विकला होता. आता मुलाने दुसऱ्यासाठी आपल्या नव्या कपड्यांवर पाणी सोडले. आरंभीचा प्रसंग अखेरीस असा नव्या अर्थाने भेटतो, तेव्हा मधल्या काळात पात्र किती वाढले, हे लेखकाने सांगावे लागत नाही.

त्याच रात्री स्वप्नात परी त्याची वाखाणणी करते आणि सकाळी तो खराखुरा मुलगा होऊन उठतो. शेवटी काम जादूनेच झाले, असे यावर कोणी म्हणेल. परंतु क्रम पाहावा. माणसासारखे वागणे आधी आले, माणसाचे शरीर मागाहून. परीने पिनोकियोला चांगले केले नाही. तो चांगला झाला, यावर तिने केवळ शिक्कामोर्तब केले.

म्हणून कोणतीही परीकथा वाचताना, पुढे काय झाले, एवढेच विचारून थांबू नये. हे पात्र आरंभी कसे होते, कोणत्या प्रसंगी त्याने काय निवडले, आणि जादू नसती तरीही ते बदलले असते काय, हेही विचारावे. पिनोकियोच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे येते. त्याचे शरीर लाकडाचेच राहिले असते, तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे तो रहाटावर गेलाच असता.