शिवारात पडून राहिलेला दारूगोळा

कोल्हापूरच्या कारखानदारीविषयी या सदरातून लिहिताना मी आजवर बहुधा भट्टीपाशी उभा राहून लिहिले; आज त्या भट्टीत पडणाऱ्या भंगाराच्या उगमाकडे जावे असे मनात आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील फौंड्र्यांच्या आवारात मोडक्या यंत्रांचे सांगाडे, मोटारींचे ब्रेकड्रम, झिजलेले स्प्रिंगपाटे आणि लेथवरून उतरलेला चुरा यांचे ढीग रोजच्या रोज येऊन पडतात. आणि त्या ढिगातून बंद नळकांडे किंवा तोंड न उघडलेला शॉक-अॅब्सॉर्बर वेचून बाजूला काढणारा जो मजूर असतो, तोच त्या सबंध कारखान्याचा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा तपासनीस असतो. त्याची नजर चुकली तर काय घडते, हे 30 सप्टेंबर 2004 रोजी गाझियाबादजवळ साहिबाबाद येथे दिसले. तिथल्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातला तोफगोळा फुटला आणि दहा कामगार प्राणास मुकले. त्या घटनेनंतर आयात होणाऱ्या भंगाराची जहाजावर चढण्यापूर्वी तपासणी झाल्याचा दाखला सरकारने सक्तीचा केला, हे योग्यच झाले. परंतु ज्या भंगाराला जहाजाची गरजच पडत नाही, जे आपल्याच मुलखातल्या एखाद्या माळावरून पोत्यात भरून निघते, त्याचा दाखला कोणी द्यावयाचा?

अहिल्यानगर जिल्ह्यात खारे कर्जुने या गावाच्या परिसरात के. के. रेंज या नावाने ओळखले जाणारे लष्कराचे सरावक्षेत्र आहे. तिथे रणगाडे गोळे डागण्याचा सराव करतात, आणि डागलेला प्रत्येक गोळा फुटतोच असे नाही. गोळ्याच्या टोकाशी असलेल्या फ्यूजला कठीण पृष्ठावर आदळण्याचा जो आकस्मिक धक्का हवा असतो, तो पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत मिळत नाही. आतील टाचणी अर्ध्यावर थबकते, आणि पंधरा-वीस किलो वजनाचा तो लोखंडी ऐवज मातीत रुतून, गंजत, परंतु आपले सामर्थ्य यत्किंचितही न गमावता, वर्षानुवर्षे पडून राहतो. तोफगोळ्याच्या कमरेभोवती तांब्याचा एक पट्टा बसवलेला असतो. बारूद उडाल्यावर तो तोफेच्या नळीतल्या आट्यांत घट्ट बसून गोळ्याला फिरकी देतो. तोच पट्टा छिन्नी-हातोड्याने उचकटला, तर लोखंडाच्या कित्येक पट भावाने भंगारवाल्याकडे खपतो. दुष्काळी तालुक्यातल्या, हाताला काम नसलेल्या माणसाने हा हिशेब मांडला, तर त्याला अज्ञानी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. धोका त्याला ठाऊक असतो. घरातल्या रिकाम्या डब्याचा धोका त्याला अधिक जवळचा असतो. 2020 साली खारे कर्जुने येथे असाच एक गोळा फुटून दोघेजण ठार झाले.

त्याआधी 20 नोव्हेंबर 2018 रोजी वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ सोनेगाव आबाजी येथे, मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी आणलेल्या पेट्या उतरवताना स्फोट होऊन सहा माणसे मरण पावली. त्यांतील बहुतेक आसपासचे, ठेकेदाराने रोजंदारीवर आणलेले मजूर होते. स्फोटकांचे शास्त्र जाणणाऱ्यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या कामातही अखेरची पेटी उचलण्याची पाळी ज्याने ते शास्त्र कधी ऐकलेले नाही त्याच्यावरच येते, ही गोष्ट मला या सबंध विषयातील सर्वांत बोचणारी वाटते.

कायदा नाही असे नव्हे. लष्करी सराव आणि तोफखान्याच्या गोळीबारासंबंधीचा 1938 चा कायदा आजही अमलात आहे. गावांना आगाऊ सूचना द्यावी, सरावामुळे शरीराला वा मालमत्तेला झालेल्या नुकसानीची भरपाई संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून मिळावी, आणि ती ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी महसुली अंमलदार नेमावा, अशी त्याची व्यवस्था आहे. ही व्यवस्था ब्रिटिश अमदानीतील असूनही तिच्यात रयतेच्या नुकसानीची जाणीव आहे, हे नमूद केले पाहिजे. तथापि तिचे सारे लक्ष सरावाच्या दिवसांवर खिळलेले आहे. सैन्य तळ उठवून गेल्यावर जे मातीत उरते, त्याचा पंचनामा कोणी करावा, किती मुदतीत करावा, याचे उत्तर शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. आणि निषिद्ध क्षेत्रात शिरून गोळा उचलणाऱ्याच्या विधवेने भरपाईची दरखास्त कोणत्या तोंडाने लिहावी?

युद्धाच्या बाबतीत मातीत उरलेल्या गोळ्यांचा हा प्रश्न जगाने निदान कागदावर तरी सोडवला आहे. युद्धोत्तर स्फोटक अवशेषांविषयी 2003 साली जो आंतरराष्ट्रीय करार संमत झाला, त्यात लढाई थांबल्यावर आपल्या ताब्यातील भूमी निर्धोक करण्याचे दायित्व त्या त्या राष्ट्रावर टाकलेले आहे, आणि भारताने 2005 मध्ये त्याला मान्यता दिली आहे. हे दायित्व चुकले म्हणजे काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण लाओस. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने त्या चिमुकल्या, शेतीवर जगणाऱ्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतून विखुरलेल्या सुमारे सत्तावीस कोटी लहान बाँबगोळ्यांपैकी आठ कोटींच्या आसपास फुटलेच नाहीत. चेंडूएवढे ते गोळे आजही भातखाचरांत कुदळीखाली सापडतात, आणि तिथलेही गरीब लोक युद्धातील धातू गोळा करून विकतात, ॲल्युमिनियम वितळवून त्याचे चमचे ओततात. म्हणजे खारे कर्जुन्याचा माळ आणि लाओसचे खाचर यांच्यामध्ये युद्ध आणि शांतता एवढे अंतर असले, तरी दोन्हीकडे साफसफाई पडते ती भुकेल्या माणसाच्याच वाट्याला. युद्धातल्या गोळ्याविषयी जे तत्त्व आपण राष्ट्र म्हणून मान्य केले, ते सरावातल्या गोळ्याला, तेही आपल्याच रयतेच्या शिवारात, लागू करण्यास हरकत कोणती?

सैनिक टाकळीसारखी सैनिकांची गावे ज्या जिल्ह्यात आहेत तिथे बसून सैन्याविषयी अनादराने कोणी लिहीत नाही, आणि मीही लिहीत नाही. उलट सैन्यापाशी या कामाची जी थोर परंपरा आहे तिचाच मी आधार घेतो. कारवारजवळच्या चेंडिया गावच्या घराण्यातले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. 8 एप्रिल 1948 रोजी नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढण्यास त्यांच्या तुकडीने आरंभ केला, तोच उखळी तोफांच्या माऱ्यात दोन जवान ठार झाले आणि स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. तरीही ते मागे हटले नाहीत. रणगाड्याखालून सरपटत, दोरीच्या खुणांनी चालकाला थांबवीत आणि पुढे नेत, त्यांनी 11 एप्रिलपर्यंत त्याच रस्त्यावरील चिंगसपर्यंतची वाट मोकळी केली, आणि त्या वाटेने सैन्य राजौरीला पोहोचले. या पराक्रमाबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले. मे 2025 मध्ये त्याच राजौरी आणि पूंछच्या सीमावर्ती गावांत, गोळीबार थांबल्यावर, शेतांत न फुटता पडलेले गोळे लष्कराच्या पथकांनी शोधून जागच्या जागी नष्ट केले. विद्या आहे, माणसे आहेत, धैर्याचा तर प्रश्नच नाही. रणगाड्यासाठी जो रस्ता साफ होऊ शकतो तो नांगरासाठीही होऊ शकतो. उणीव आहे ती हुकुमाची.

सरावाचा प्रत्येक हंगाम संपल्यावर लष्कराच्या पथकाने गावकऱ्यांच्या समक्ष जमीन धुंडाळावी आणि त्याचा पंचनामा ग्रामपंचायतीच्या व तहसीलदाराच्या दफ्तरी ठेवावा. गोळा दिसल्याची वर्दी देणाऱ्याला, मग तो निषिद्ध क्षेत्रात का शिरला याची चौकशी न मांडता, त्या धातूच्या किमतीहून कमी नसलेले बक्षीस द्यावे. तांब्याच्या पट्ट्याचे मोल गोळ्याला हात न लावताच पदरात पडू लागले, तर छिन्नी उचलणारे फार थोडे उरतील. सरावक्षेत्रातील धातू लष्करानेच गोळा करून, चिरून, आत काही उरले नसल्याच्या दाखल्यासह लिलावात काढावा.

आपल्या वसाहतींतील फौंड्रीमालकांना मात्र या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. फाटकाजवळच्या वजनकाट्यावर गोळा, फ्यूज आणि काडतूस यांची चित्रे असलेला एक फलक लावावा, आणि भंगार निवडणाऱ्या बायकापुरुषांना ती आकृती ओळखण्यास कारखान्याच्या वेळात, भरपगारी शिकवावे. तसा तुकडा दिसलाच, तर ट्रक तिथेच उभा करून, माणसे दूर नेऊन पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलवावे. आपल्या फाटकावरून परत लावलेला ट्रक दुसऱ्या, कमी दक्ष असलेल्या फाटकात शिरतो. म्हणून तो परत लावू नये.