दुसऱ्या पसंतीच्या मताची किंमत

आपल्या तरुणांच्या बैठकीत निवडणुकीचा विषय निघाला की फिरून फिरून दोनच प्रश्न येतात. आपले किती निवडून येणार? आणि आपली मते फुटणार तर नाहीत? मग कुणीतरी एकजुटीवर भाषण देतो, कुणीतरी मोहल्ल्यातल्या बुजुर्गांचा मशवरा घ्यायला सांगतो आणि बैठक संपते. माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही प्रश्न मते मोजण्याच्या नियमातून येतात. आपण त्यांना कौमच्या स्वभावाचा दोष समजतो, ते चुकीचे आहे. नियम वेगळा असला की माणसे वेगळे प्रश्न विचारू लागतात. याचे उदाहरण म्हणून आयर्लंडच्या पश्चिमेकडची मेयो ही काउंटी घेऊ.

मेयो म्हणजे शेती, मेंढ्या, पीट आणि पाऊस. काउंटी कौन्सिल म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद. तिथे 30 सदस्य आहेत आणि ते कॅसलबार या गावी बसतात. याच काउंटीत बॅलीहॉनिस नावाचे छोटे गाव आहे. 1970 च्या दशकात पाकिस्तानी वंशाच्या एका व्यापाऱ्याने तिथे हलाल मांसाचा कारखाना काढला. कामगार आले, कुटुंबे आली, पुढे मस्जिद उभी राहिली. 2016 च्या जनगणनेत आयर्लंडच्या गावांमध्ये परदेशी नागरिकांचे सर्वाधिक प्रमाण याच गावात निघाले, 39.5 टक्के. अख्ख्या देशात 2022 साली मुसलमान सुमारे 82 हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहूनही कमी. इतक्या थोड्या लोकांनी मत देऊन काय होणार, असे आपण सहज म्हणू.

पहिली गोष्ट मताच्या हक्काची. आयर्लंडमध्ये संसदेसाठी मत द्यायला नागरिकत्व लागते (ब्रिटिश नागरिकांना काही सवलत आहे). स्थानिक निवडणुकीत मात्र तिथे राहणारा, 18 वर्षे पूर्ण केलेला कोणीही मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो. पासपोर्ट कुठल्या देशाचा, हे कुणी विचारत नाही. आश्रयाचा अर्ज करून निकालाची वाट पाहणाऱ्यालाही हा हक्क आहे. रोतिमी अदेबारी 2000 साली नायजेरियातून आश्रय मागत आले, 2004 साली पोर्टलीश गावाच्या कौन्सिलवर निवडून आले आणि 2007 साली तिथले महापौर झाले. आयर्लंडचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर.

दुसरी गोष्ट मोजणीची, आणि खरी गंमत इथे आहे. मेयोचे सहा मतदारसंघ आहेत आणि एकेका मतदारसंघातून तीन ते सात सदस्य निवडले जातात. मतदाराला कागदी मतपत्रिका मिळते. तो शिक्का मारत नाही, आकडे लिहितो. सर्वांत आवडत्या उमेदवारापुढे 1, मग 2, मग 3, हवे तितके पुढे. समजा जागा सहा आहेत आणि वैध मते 14,000. याला सहा अधिक एक म्हणजे सातने भागायचे आणि उत्तरात एक मिळवायचा. 2,001 हा झाला कोटा. तो ज्याने गाठला तो निवडून आला. त्याच्याकडची जादा मते पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांना वाटली जातात. कुणीच कोटा गाठत नसेल तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांच्यावरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. जागा भरेपर्यंत असेच चालते, कधी कधी दोन-तीन दिवस. यालाच एकल संक्रमणीय मत म्हणतात. आपले आमदार राज्यसभेचे खासदार याच पद्धतीने निवडतात, फक्त ती पद्धत सामान्य मतदाराच्या हाती कधी आली नाही.

या मोजणीत मत फुटणे ही भीतीच उरत नाही. एका समाजाचे तीन उमेदवार उभे राहिले तरी बाद झालेल्याची मते त्याच्या मतदारांनी सांगितलेल्या दुसऱ्याकडे जातात. कुणी कुणाला "बसा" म्हणून गळ घालायची गरज नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उमेदवाराच्या वागण्यावर होणारा परिणाम. शेवटच्या जागेचा निकाल कधी कधी पाच-पन्नास मतांवर लागतो आणि ती मते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची असतात. त्यामुळे ज्या घराची पहिली पसंती मिळणार नाही हे ठाऊक आहे, त्या घराचेही दार वाजवावे लागते. "तुमचा एक नंबर दुसऱ्याला असेल, हरकत नाही, दोन नंबर मला द्या," हे तिथले नेहमीचे आर्जव आहे. एका गटाला खूश करण्यासाठी दुसऱ्याला शिव्या देणाऱ्याला पहिल्या फेरीत बरी मते पडतात, पण पुढच्या फेऱ्यांत त्याचा आकडा जागचा हलत नाही. 1992 साली क्लेअर या ग्रामीण भागातून डॉ. मूसाजी भामजी संसदेवर निवडून आले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, भारतीय वंशाचे, मजूर पक्षाचे. आयरिश संसदेतले ते पहिले मुसलमान. क्लेअरमध्ये मुसलमानांची मते मुठीत मावतील एवढीच होती.

जाता जाता, मतपत्रिका आजही कागदीच आहेत. सरकारने एकदा 5 कोटी युरोंहून जास्त खर्चून मतदान यंत्रे आणली. लोकांचा विश्वास बसला नाही आणि 2012 साली ती भंगारात विकली गेली. मोजणीच्या सभागृहात पक्षांचे कार्यकर्ते कठड्याला टेकून उघडणारी प्रत्येक मतपेटी न्याहाळत असतात. कुठल्या गावाने कुणाला किती दिले, हे त्यांच्या वहीत अधिकृत निकालाआधीच लिहिलेले असते.

आपल्याकडे ही चर्चा झालीच नाही असे समजू नका. 1949 च्या जानेवारीत संविधान सभेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली होती. त्यांची पद्धत आयर्लंडपेक्षा वेगळी होती, हेतू तोच. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. देशात साक्षरता कमी आहे आणि संसदेचे तुकडे पडले तर सरकार टिकणार नाही, ही त्यांची कारणे होती, आणि त्या काळी त्यांत तथ्य होते. पण स्थानिक संस्थेत सरकार पडण्याचा प्रश्न येत नाही आणि 1, 2, 3 लिहिणे आता बहुतेकांना जमते. आपल्या मोठ्या महापालिकांत चार-चार सदस्यांचे प्रभाग तर आहेतच, फक्त प्रत्येक जागेसाठी वेगळे मत मोजले जाते आणि म्हणून एकच गट चारही जागा नेऊ शकतो. प्रभाग तोच ठेवून मोजणी बदलता येईल. ही मागणी आपल्या चळवळीने करायला हवी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता दुसरी बाजू. निवडून आलेल्या सदस्याच्या हातात असते काय? मेयोत रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी चालवतो. तो निवडून येत नाही, नेमला जातो, सात वर्षांसाठी. घर कुणाला द्यायचे, बांधकामाची परवानगी कुणाला, नोकरीवर कुणाला घ्यायचे, हे त्याचे अधिकार. सदस्य अंदाजपत्रक मंजूर करतात, उपविधी करतात, मालमत्ता कर ठरलेल्या मर्यादेत कमी-जास्त करतात आणि काउंटीचा विकास आराखडा ठरवतात. अध्यक्ष दर वर्षी सदस्यांतून निवडला जातो आणि त्याचे पद बरेचसे मानाचे. थेट लोकांनी निवडलेला महापौर 2024 साली पहिल्यांदा लिमरिकला मिळाला. शाळा, पोलीस, दवाखाने कौन्सिलकडे नाहीतच. मध्येच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही, कौन्सिलच नवा सदस्य घेते. मालवण तालुक्यातल्या वराडचे मूळ असलेले लिओ वराडकर, जे पुढे पंतप्रधान झाले, ते 2003 साली डब्लिनजवळच्या फिंगल काउंटी कौन्सिलवर असेच आले आणि पुढच्या वर्षी निवडणूक लढवून जिंकले.

आणि चांगली मोजणी म्हणजे चांगली माणसे, असेही नाही. 2024 च्या जानेवारीत याच मेयोच्या सदस्यांनी ठराव केला की आश्रय मागणाऱ्यांच्या निवासाबाबत कौन्सिलने सरकारच्या खात्याशी सहकार्य थांबवावे. तो निवास मुळात कौन्सिलच्या अखत्यारीतला नाही. पण ठरावाचा अर्थ रस्त्यावरच्या माणसाला बरोबर कळतो.

तरीही मी या व्यवस्थेकडून एक गोष्ट शिकलो. "आपला माणूस" खुर्चीत बसला की प्रश्न सुटला, असे जे आपण धरून चालतो, ते तिथे फार लवकर खोटे पडते. प्रार्थनास्थळाला जागा कुठे आणि घरे कुठल्या बाजूला वाढणार, याची दिशा विकास आराखड्यात ठरते. त्याच्या मसुद्यावर कोणीही रहिवासी लेखी म्हणणे देऊ शकतो. त्याला कोटा गाठावा लागत नाही, एक कागद लिहावा लागतो. दफनभूमीच्या जागेसाठीही दार कौन्सिलचेच वाजवावे लागते.

तुमच्यापैकी कुणी आयर्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला असेल, कुणाची बहीण तिथे नर्स असेल, तर त्यांना एवढे कळवा: 2024 च्या स्थानिक निवडणुकीत जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिले. पुढची निवडणूक 2029 मध्ये आहे. मतदार यादीत नाव वर्षभर घालता येते, आणि भारतीय पासपोर्ट त्याच्या आड येत नाही.