नानांचं उत्तर बरोबर होतं

एप्रिल २०२०. लॉकडाऊनमुळे दवाखान्यात नेता येत नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, आता कोणता महिना चालू आहे?" नाना म्हणाले, "शाबान." डॉक्टर क्षणभर थांबले, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. उत्तर बरोबर होतं, दहा दिवसांवर रमजान आला होता. पण मी हे सांगेपर्यंत नेटवर्क गेलं.

नानांना अल्झायमर आहे हे वर्षभर आधीच कळलं होतं. तरी त्यांचा दिवस नीट चालायचा, कारण तो पाच नमाजांना बांधलेला होता. वजू, टोपी, मशिदीची वाट, परतताना चहा. याला उपचार म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मशिदी बंद झाल्या, पण अजान ऐकू यायचीच. नाना टोपी घालून दाराशी जायचे, मामी समजावून मागे आणायची. असरपर्यंत त्यांचा संताप व्हायचा. मास्क लावलेला मामा तर त्यांना ओळखूच येईना. आणि त्या दिवसांत टीव्हीवर आपल्याबद्दल जे चाललं होतं, त्यामुळे दवाखान्यात फोन करून नाव सांगतानाही आवाज दबायचा.

लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल तर काळजी घेणारी व्यक्ती त्याच्या वतीने डॉक्टरांशी बोलू शकते, अशी सोय त्यात आहे आणि उदाहरण म्हणून चक्क डिमेन्शियाच दिला आहे. नियम चांगलाच आहे. पण आम्ही वापरलेल्या अ‍ॅपचा ओटीपी मामाच्या मोबाइलवर जायचा आणि मामा दुकानात. जी बाई नानांना जेवू घालते, आंघोळ घालते, रात्री तीनला उठून दार तपासते, तिला त्या अ‍ॅपमध्ये जागाच नव्हती. असली अ‍ॅप आम्हीच लिहितो, त्यामुळे दोष कुणाला देऊ?

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. तालुक्याच्या गावात न्यूरोलॉजिस्ट शोधून सापडत नाही. म्हणून व्हिडिओ कॉल मला हवाच आहे. औषधाचा डोस बदलणं, झोपेची तक्रार, नवीन गोळीने चक्कर येते का, एवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसाला एसटीत बसवून शहरात नेऊ नये. स्मरणशक्तीची परीक्षा मात्र परक्या भाषेत, परक्या कॅलेंडरवर घेतली तर निकाल चुकणारच. घरात दखनी बोलणाऱ्या माणसाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारले जातात, हे डॉक्टरांना आपणच आधी सांगायला हवं. आठवडाभराची झोप, जेवण, पडणं-धडपडणं कागदावर लिहून ठेवा, गोळ्यांची पाकिटं हाताशी ठेवा. आणि "साठी बुद्धी नाठी" किंवा "असर झालाय" म्हणणाऱ्या मोठ्यांसमोर आजाराचं नाव घ्या. ते काम अ‍ॅप करणार नाही.

दुसऱ्या कॉलच्या वेळी मी फोन मामीच्या हातात दिला आणि नानांना घेऊन गच्चीवर गेलो. कॉल पंधरा मिनिटांचा ठरला होता, चाळीस मिनिटं चालला. सलग झोप मिळून महिना झाला, हे मामीने त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.